दिवसाला सात गोळ्या: घरी घेतलेल्या केमोचा अनुभव

माझ्या आईच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरांनी सलाइनमधून दिल्या जाणाऱ्या केमोऐवजी कॅपेसिटाबिन या केमोच्याच गोळ्या सुचवल्या. आमचे घर नाशिकच्या पंचवटीत आणि रुग्णालय मुंबई नाक्याच्या बाजूला, त्यामुळे द्वारका चौकातील कोंडीतून होणाऱ्या फेऱ्या वाचणार, एवढेच आम्हाला तेव्हा कळले होते. आठ सायकली, म्हणजे गोळ्यांचे दिवस आणि त्यानंतरची सुट्टी अशा आठ फेऱ्या, पूर्ण झाल्यावर या औषधाविषयी आणि त्यासोबत मिळालेल्या सेवेविषयी सविस्तर लिहीत आहे.

ही गोळी स्वतः फारसे काही करत नाही. पोटात गेल्यावर टप्प्याटप्प्याने तिचे फाइव्ह-एफयू या जुन्याच औषधात रूपांतर होते, आणि शेवटचा टप्पा घडवणारे विकर (एन्झाइम) कर्करोगाच्या अनेक गाठींमध्ये निरोगी पेशींपेक्षा अधिक असते. त्रास कमी होईल, ही आशा मुळात त्यावर उभी आहे. ती कितपत फळली, हे 2005 साली प्रसिद्ध झालेल्या 1987 रुग्णांच्या अभ्यासात दिसते. शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या या गोळ्या शिरेतून दिल्या जाणाऱ्या जुन्या उपचाराइतक्याच गुणकारी ठरल्या, जुलाब, तोंड येणे, मळमळ आणि केस गळणे कमी झाले. मात्र तळहात-तळपायांचा त्रास वाढला. आमच्या घरी नेमके तसेच झाले. आईचे केस शेवटपर्यंत टिकले, तळवे मात्र सोलले गेले.

तिला सकाळी तीन आणि रात्री चार अशा 500 मिलिग्रॅमच्या गोळ्या चौदा दिवस घ्यायच्या होत्या, त्यानंतर सात दिवस सुट्टी. जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत पाण्यासोबत, आणि दोन वेळांमध्ये साधारण बारा तासांचे अंतर. आई सोमवारचा उपवास सोडायला तयार नव्हती. तेव्हा डॉक्टरांनी हसून, ‘‘काकू, साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्लीत तर तेही जेवणच,’’ असे सांगून तो प्रश्न मिटवला. शेजारच्या मावशींनी प्रेमाने आणून दिलेली ताकदीच्या गोळ्यांची बाटली मात्र त्यांनी बाजूला ठेवायला लावली, कारण त्यातील फॉलिक ॲसिडमुळे या औषधाचा त्रास वाढू शकतो.

दुसऱ्या सायकलीत तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या आणि लाली दिसली. आईने आठवडाभर कोणाला सांगितले नाही. एका सकाळी तव्याजवळ उभी राहून तिने बाजरीची भाकरी थापायला घेतली आणि अर्धवट थापलेली भाकरी परातीतच सोडून हात थंड पाण्यात घातले, तेव्हा आम्हाला समजले. सलाइन घेणारा रुग्ण निदान ठराविक दिवशी परिचारिकेच्या नजरेसमोर असतो. गोळ्या घेणाऱ्याचे तळवे पाहणारे घरात कोणी नसेल, तर ही सोय महागात पडते. डॉक्टरांनी गोळ्या काही दिवस थांबवल्या, लाली ओसरल्यावर पुन्हा सुरू केल्या, आणि चौथ्या सायकलीत त्रास परतला तेव्हा मात्रा कमी करून दिवसाला पाच गोळ्या ठेवल्या. मात्रा कमी केली म्हणजे उपचार वाया गेला, अशी आईची समजूत झाली होती. ती दूर करायला डॉक्टरांनी दिलेली दहा मिनिटे मला या सेवेतील सर्वांत मोलाची वाटतात.

नव्या औषधांबद्दल बरेच बोलले जाते, पण आमच्या कामाची गोष्ट गुडघेदुखीसाठी घरोघरी असणाऱ्या डायक्लोफिनॅकच्या जेलमध्ये निघाली. दिल्लीच्या एम्समध्ये कॅपेसिटाबिन घेणाऱ्या 264 रुग्णांवर झालेल्या आणि 2024 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हे 1 टक्क्याचे जेल तळहातांना लावणाऱ्यांपैकी 3.8 टक्के जणांना तळव्यांचा मध्यम किंवा तीव्र त्रास झाला; औषध नसलेले जेल लावणाऱ्यांमध्ये हे प्रमाण 15 टक्के होते. हा उपाय त्रास सुरू होण्याआधीचा आहे. आम्हाला तो तिसऱ्या सायकलीत, तोही आम्ही विचारल्यावर मिळाला, ही रुग्णालयाविषयी माझी पहिली तक्रार.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. फाइव्ह-एफयूचा निचरा करणारे डीपीडी हे विकर काहींच्या शरीरात कमी असते आणि अशा रुग्णांना नेहमीची मात्राही जिवावर बेतू शकते. युरोपच्या औषध नियामकाने 2020 पासून उपचाराआधी त्याची तपासणी सुचवलेली आहे. आमच्यासमोर तो विषय कोणीच काढला नाही. फोनवरील मदतीला मात्र पूर्ण गुण द्यायला हवेत: ताप 100.4 च्या वर गेला किंवा नेहमीपेक्षा चार वेळा जास्त जुलाब झाले, तर गोळी थांबवून लगेच फोन करा, असे परिचारिकेने कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिले होते, आणि रात्री साडेअकरालाही फोन उचलला गेला.

औषध दुकानाचा व्यवहार नीट होता, पण सुट्या गोळ्या मिळत नव्हत्या. एका सायकलीला 98 गोळ्या लागत आणि दहा-दहा गोळ्यांच्या दहा पट्ट्या घ्याव्या लागत. मात्रा कमी झाल्यावर 70 गोळ्यांचा हिशेब सात पट्ट्यांत चोख बसला. मध्ये पडलेल्या खंडांमुळे शेवटी 16 गोळ्या उरल्या. त्या कचऱ्यात किंवा मोरीत टाकायच्या नसतात, म्हणून परत करायला गेलो, तर दुकानदार रुग्णालयाकडे बोट दाखवतो आणि रुग्णालय दुकानाकडे. सध्या त्या नातवंडांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर, नाव लिहिलेल्या डब्यात ठेवल्या आहेत.