गुणांसाठी चालणे : एका कार्यालयीन प्रोत्साहन-सेवेचा नऊ महिन्यांचा अनुभव

दिवसातले आठ-नऊ तास पडद्यासमोर बसून काढणाऱ्या कर्मचाऱ्यांनी थोडे अधिक चालावे, म्हणून मनगटी पट्टा, मोबाइल अ‍ॅप आणि बक्षीस-योजना एकत्र पुरवणारी एक सेवा आमच्या कार्यालयाने घेतली होती. सहभाग ऐच्छिक होता आणि मी पहिल्याच दिवशी नाव नोंदवले. नऊ महिन्यांत या योजनेची आखणी दोनदा बदलली. त्यामुळे माणसे एकच, पट्टा एकच, पण बक्षिसाची रीत बदलली की चालणे कसे बदलते, हे मला स्वतःवरच पाहता आले.

पहिल्या तिमाहीत नियम सर्वांना सारखा होता. दिवसाला १०,००० पावले पूर्ण झाली तर दहा गुण, अन्यथा शून्य. साठलेल्या गुणांचे तिमाहीअखेर गिफ्ट कार्ड मिळणार होते. पट्टा बांधल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात माझी रोजची सरासरी ३,४०० पावलांच्या आसपास भरली. जरा झपाझप चालणारा माणूस मिनिटाला साधारण शंभर पावले टाकतो, म्हणजे उरलेल्या पावलांसाठी मला रोज तासाहून अधिक वेळ काढावा लागणार होता. तेवढा वेळ निघणार नाही हे तिसऱ्याच दिवशी कळले, आणि तीन हजार पावले झाली काय किंवा नऊ हजार झाली काय, पदरात शून्यच पडणार असेल तर धडपड कशाला, असा सरळ हिशेब मी केला. माझ्यासारखे बरेच जण होते. गुण मिळवणारे होते ते योजना येण्यापूर्वीपासूनच रोज पहाटे धावायला जाणारे सहकारी. त्यांना आपल्या नेहमीच्या सवयीचे बक्षीस मिळू लागले, इतकेच.

दहा हजारांचा आकडा कोठून आला, असे सेवेच्या प्रतिनिधीला विचारले असता ‘ते आंतरराष्ट्रीय मानक आहे’ असे उत्तर मिळाले. वास्तविक हा आकडा रूढ झाला तो १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पेडोमीटरमुळे. ‘मानपो-केई’ या त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावले मोजणारे यंत्र’ असा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल सांगितली आहे. त्यात पावलांचा आकडा नाही. अमेरिकेतील सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्युदर ४१ टक्क्यांनी कमी आढळला, आणि साधारण ७,५०० पावलांनंतर हा फरक आणखी वाढला नाही. ज्या धडधाकट असतात त्याच जास्त चालतात, हा आक्षेप अशा निरीक्षणांवर नेहमी घेता येतो आणि तो रास्तही आहे. तरीही, सर्वांत कमी चालणाऱ्याने वाढवलेल्या पहिल्या हजार-दीड हजार पावलांना सर्वाधिक मोल असावे, एवढे त्यातून नक्की सुचते. आमच्या योजनेत नेमक्या त्याच पावलांना एकही गुण नव्हता.

तक्रारी वाढल्यावर दुसऱ्या तिमाहीत दोन बदल झाले. प्रत्येकाचे लक्ष्य त्याच्या स्वतःच्या सरासरीपेक्षा १,५०० पावले अधिक, असे ठरले. आणि गुण आधी देऊन नंतर कापायची पद्धत सुरू झाली. महिन्याच्या पहिल्या तारखेला खात्यावर तीनशे गुण जमा दिसत आणि लक्ष्य चुकले की रात्री बाराच्या ठोक्याला त्यांतले दहा वजा होत. हिशेबाने पाहिले तर दोन्ही पद्धती सारख्याच आहेत. पण मिळू शकणाऱ्या दहा गुणांसाठी मी पहिल्या तिमाहीत एकदाही खुर्चीतून उठले नव्हते, आणि खात्यातले दहा गुण जाऊ नयेत म्हणून मात्र रात्री साडेअकराला घरातल्या घरात येरझाऱ्या घालू लागले. हातचे गेल्याचे दुःख तेवढेच मिळाल्याच्या आनंदापेक्षा मोठे असते, ही गोष्ट डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडली होती. मला ती पट्ट्याने शिकवली.

हा केवळ माझा अनुभव नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २८१ कर्मचाऱ्यांना १३ आठवडे रोज ७,००० पावलांचे लक्ष्य दिले होते. एका गटाला लक्ष्य गाठलेल्या प्रत्येक दिवसासाठी १.४० डॉलर मिळत, दुसऱ्या गटाला त्याच सरासरी मोलाची सोडत होती, आणि तिसऱ्या गटाला महिन्याच्या आरंभी ४२ डॉलर देऊन चुकलेल्या प्रत्येक दिवसाचे १.४० डॉलर कापले जात. काहीही न मिळणाऱ्यांनी सरासरी ३० टक्के दिवशी लक्ष्य गाठले, पहिल्या दोन गटांनी ३५ आणि ३६ टक्के दिवशी, तर कपातीच्या गटाने ४५ टक्के दिवशी. त्या तिमाहीत माझी स्वतःची सरासरी ५,९०० पावलांपर्यंत गेली. कपात मात्र सर्वांना रुचली नाही. एका सहकाऱ्याला ती दंडासारखी वाटली आणि त्याने पट्टा काढून खणात टाकला. त्याचेही म्हणणे मला खोडता आले नाही.

अ‍ॅपविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ते नीट चालते, नोटिफिकेशन जरा अधिक पाठवते. पट्टा मनगटाच्या हालचालीवरून पावले ओळखत असल्यामुळे ट्रॉली ढकलताना किंवा कठडा धरून जिना चढताना तो पुष्कळ पावले गाळतो, आणि मीटिंगमध्ये हात हलवत बसणाऱ्याला उदारपणे पावले बहाल करतो. पहिल्या दहा क्रमांकांची यादी दर सोमवारी लागत असे. त्यात तीच नावे असत आणि तिसऱ्या आठवड्यानंतर ती कोणी उघडून पाहत नसे.

दोन बाबी मात्र गंभीर आहेत. आमचे एक सहकारी कुबड्या घेऊन चालतात. त्यांनी नाव नोंदवल्यावर अ‍ॅपने त्यांना ‘वैद्यकीय सूट’ दिली, आणि सूट म्हणजे काय, तर शून्य लक्ष्य आणि शून्य गुण. बैठे काम तेही आमच्याइतकेच करतात, हालचालीची गरज त्यांनाही आहे. सेवेला फक्त पावले मोजता येत होती, म्हणून त्यांना बाजूला बसवण्यात आले. पावलांऐवजी हालचालीची मिनिटे नोंदवण्याची सोय तिसऱ्या तिमाहीत आली, तीही त्यांनी चार पत्रे लिहिल्यानंतर. दुसरी बाब खासगीपणाची. मनुष्यबळ विभागाला केवळ विभागवार सरासरी दिसेल, असे आश्वासन होते; पण आमच्या विभागात चारच माणसे, त्यातला एक महिनाभर रजेवर, तेव्हा त्या सरासरीतून कोण किती बसले हे ओळखायला गणितज्ञ लागत नव्हता.

तिसऱ्या तिमाहीत तरतूद संपली, गुण बंद झाले, पट्टे राहिले. माझी सरासरी ४,६०० वर उतरली. यात नवल नाही; वरील अमेरिकी प्रयोगातही पैसे थांबल्यानंतरच्या १३ आठवड्यांत गटांमध्ये लक्षणीय फरक उरला नव्हता, आणि सिंगापूरमध्ये ८०० कर्मचाऱ्यांवर झालेल्या चाचणीतही सहा महिने रोख रक्कम मिळणाऱ्यांची वाढलेली हालचाल ती बंद झाल्यावर टिकली नाही. तरीही मी ३,४०० वर परत आले नाही. याचे थोडे श्रेय दोन मजले अलीकडे लिफ्टमधून उतरण्याच्या लागलेल्या सवयीला आहे, आणि बरेचसे श्रेय, सांगायला संकोच वाटतो, प्रिंटरला आहे. त्याच सुमारास काटकसर म्हणून प्रत्येक विभागातले प्रिंटर काढून मजल्याच्या टोकाला एकच ठेवण्यात आला. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढ-उतर करणाऱ्या वाहकांना बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो, हे जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवले. त्या वाहकांना कोणी गुण देत नव्हते, त्यांचे कामच त्यांना चालवत होते.

सेवेचे नूतनीकरण करावे का, असे आम्हाला विचारण्यात आले तेव्हा मी होकार कळवला, पण तीन अटींवर : लक्ष्य प्रत्येकाच्या सरासरीवरून ठरावे, गुण पहिल्या दिवसापासून मिनिटांवर मिळावेत, आणि दहापेक्षा लहान विभागाची सरासरी कोणालाही दिसू नये. पाचपैकी तीन तारे दिले आहेत. त्यांतले दोन केवळ दुसऱ्या तिमाहीचे आहेत.