जीबीआयएफवर जुने हर्बेरियम नमुने: साडेचार स्टार, पण नकाशा जपून

बुरशीवाल्यांसाठी लिहितोय, बाकीच्यांना बोअर होईल. जीबीआयएफ म्हणजे जगभरच्या हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पती-बुरशींच्या नमुन्यांचे संग्रह) आणि म्युझियममधल्या नोंदी एका ठिकाणी दाखवणारं पोर्टल, संस्था 2001 मध्ये सुरू झाली, मुख्य ऑफिस कोपनहेगनला, आणि एक पैसा लागत नाही. नुसतं शोधायला लॉगिनही नको, डाउनलोड हवं असेल तरच अकाउंट काढा.

मी हर्पोट्रिकिया ज्युनिपेरी शोधत होतो. आल्प्स, स्कँडिनेव्हिया, रॉकीज अशा डोंगराळ, थंड भागातली बुरशी, ज्युनिपर, स्प्रूस, पाइन अशा सुईसारख्या पानांच्या झाडांवर येते. भन्नाट प्रकार आहे राव, बर्फाखाली दबलेल्या फांद्यांवर शून्य डिग्रीच्या आसपास आरामात वाढते आणि बर्फ वितळला की सुया काळपट तपकिरी जाळ्यात एकमेकींना चिकटून मेलेल्या दिसतात. सह्याद्रीत शोधत बसू नका, बर्फच नाही तर येणार कुठून!

शोधताना पहिलं काम म्हणजे 'प्रिझर्व्हड स्पेसिमेन' फिल्टर लावा, मग हौशी लोकांचे मोबाइल फोटो बाजूला जातात आणि कागदी पाकिटातले खरे नमुने उरतात. रॉबर्ट हार्टिग या जर्मन शास्त्रज्ञाने 1888 मध्ये हिला हर्पोट्रिकिया नायग्रा म्हटलं होतं, त्यामुळे जुन्या लेबलांवर ते नाव पण सापडतं. पोर्टल अशी नावं बऱ्यापैकी जोडून दाखवतं, तरी जुनं नाव टाकून एकदा वेगळं बघाच.

आता नकाशा. ठिपके बघून लगेच खूश होऊ नका. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जीपीएस कुठलं, लेबलवर जवळच्या गावाचं नाव, फार तर डोंगराचं नाव, बास. कोऑर्डिनेट्स बऱ्याचदा नंतर कोणीतरी त्या नावावरून टाकलेले असतात, मग ठिपका पडतो खाली दरीतल्या गावात आणि बुरशी होती वर बर्फाच्या पट्ट्यात. अशा ठिपक्यांवरून उंचीचा ग्राफ काढला तर तो गावांच्या उंचीचा निघेल, बुरशीचा नाही. म्हणून कोऑर्डिनेटची अनसर्टन्टी (ठिपका किती मीटर इकडेतिकडे असू शकतो तो आकडा) आधी बघा, ती दिलेलीच नसेल तर लेबलचा फोटो उघडा, आणि फोटोपण नसेल (सगळ्यांचे नसतात, अर्धा स्टार तिथेच कापला) तर उंचीच्या हिशोबातून ती नोंद सरळ काढून टाका.

दुसरी गोची डुप्लिकेटची. त्या काळी एकाच झाडावरून भरपूर फांद्या तोडायच्या, छापील लेबलं लावून सेट बनवायचे आणि लग्नपत्रिकेसारखे गावोगावच्या हर्बेरियमना पाठवायचे, त्यांना एक्सिकाटा म्हणतात. आज प्रत्येक संस्था आपापलं पाकीट अपलोड करते आणि एकच नमुना चार-पाच नोंदी होऊन समोर येतो. पोर्टलवर अशा सारख्या नोंदी जोडून दाखवायची सोय आहे, पण शेवटी गोळा करणाऱ्याचं नाव, तारीख आणि नंबर डोळ्यांनीच जुळवावे लागतात.

तारखेचं पण तसंच आहे. लेबलवर जुलै दिसला म्हणून बुरशी जुलैत वाढते असं नाही, तो माणूस बर्फ गेल्यावर वर चढला एवढाच त्याचा अर्थ, वाढ आधीच होऊन गेलेली असते.

डाउनलोड केलं की डीओआय (त्या डाउनलोडची कायमची लिंक) मिळतो, तो लगेच कॉपी करून ठेवा आणि रिपोर्टमध्ये टाका, म्हणजे नेमका कुठला डेटा वापरला ते गाइडला एका क्लिकवर दाखवता येतं.