एकच तालिका की जोडलेल्या तालिका?

चार-सहा सार्वजनिक ग्रंथालयं एकत्र यायचं म्हणाली की पहिल्याच बैठकीत सॉफ्टवेअरचं नाव निघतं. त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: तालिका, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची सूची, सगळ्यांची मिळून एक, की ज्याची त्याची वेगळी?

पहिल्या पद्धतीत डेटाबेस एकच असतो. पुस्तकाची नोंद एकदाच होते आणि तिच्याखाली प्रत्येक ग्रंथालयाच्या प्रती आपापल्या दाखलांकासह, म्हणजे त्या ग्रंथालयाने प्रतीला दिलेल्या क्रमांकासह, लागतात. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येकाची प्रणाली तशीच राहते, शोधण्यापुरती वर सगळ्यांच्या नोंदी एकत्र दाखवणारी एक संघ तालिका बसवतात.

वाचकाला फरक जाणवतो तो पुस्तक राखून ठेवताना. सामाईक डेटाबेसमध्ये मागणीची रांग एकच असते. समूहातल्या कुठल्याही काउंटरवर प्रत परत आली आणि बारकोड वाचला गेला की पडद्यावर सूचना येते, अमुक शाखेला पाठवा. संघ तालिकेत नोंदी रात्री एकदाच चढत असतील, तर सकाळी दहाला गेलेलं पुस्तक दिवसभर ‘उपलब्ध’ दिसत राहतं, आणि बोलणी खातो काउंटरवरचा माणूस. झेड ३९.५० हा दुसऱ्या ग्रंथालयाच्या तालिकेत शोध घेण्याचा प्रमाण संकेत वापरून त्या क्षणाची स्थिती विचारता येते, पण मग सगळ्यात संथ सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत बसायचं. परस्पर देवघेवीसाठी दोन प्रणालींना जोडणारा एनसीआयपी हा प्रमाण संकेत आहे. तो दोन्हीकडच्या सॉफ्टवेअरला यायला हवा, नाहीतर फोन आहेच.

इथवर एकच डेटाबेस सरस वाटतो. पण त्याची खरी किंमत नोंदी एकत्र करताना कळते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक, जुळवून काम भागेल असं सगळ्यांना वाटतं. हा क्रमांक १९७० च्या आसपास रूढ झाला. त्याआधीच्या पुस्तकांना तो नाहीच. मग शीर्षकं जुळवायची. एकाने ‘दुसऱ्या’ टाइप केलेलं असतं, दुसऱ्याने ‘दुसर्‍या’. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, आत अक्षरसंकेत वेगळे. ‘ॲ’चंही तेच: कुणी ते एकच अक्षर म्हणून टाइप करतो, कुणी ‘अ’वर चंद्र देऊन. संगणकाच्या लेखी ती दोन पुस्तकं, म्हणून मागणीच्या रांगाही दोन. उलट चूक तर आणखी महाग पडते. खंड पहिला आणि खंड दुसरा एका नोंदीत गेले, की वाचकाला भलताच खंड मिळतो आणि ती गाठ हातानेच सोडवावी लागते. शिवाय दुसऱ्याने आपल्या नोंदीत हात घातलेला कुठल्याच तालिकाकाराला रुचत नाही. दुरुस्तीचा अधिकार कुणाकडे, हे आधी लेखी ठरवा.

एकत्र डेटाबेस ठरला तर मुक्त स्रोत, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणाऱ्या, सॉफ्टवेअरमधली दोन नावं हमखास पुढे येतात. कोहा न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेसाठी तयार झालं आणि २००० च्या सुरुवातीला वापरात आलं. एव्हरग्रीन जन्मालाच आलं समूहासाठी: अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या पाइन्स या ग्रंथालय-जाळ्यात ते २००६ साली सुरू झालं. म्हणून समूह, ग्रंथालय, शाखा अशी उतरंड त्याच्या हाडातच आहे. कर्मचाऱ्याचा एखादा अधिकार कुठल्या पातळीपर्यंत चालेल तेही ठरवता येतं. कोहातही समूह चालवतात, पण त्याचा मूळ साचा शाखांच्या सपाट यादीचा, त्यामुळे बरंच काही सेटिंगमधून जमवावं लागतं. मात्र कोहा जाणणारी माणसं जगभर सापडतात. एव्हरग्रीनचा गोतावळा लहान आणि मुख्यतः उत्तर अमेरिकेतला. सांभाळणारा माणूस मिळत नसेल तर ती उतरंड काय कामाची? दहा-पंधरा ग्रंथालयांपर्यंत मी कोहा घेईन.

सर्व्हर बंद पडला तर एकत्र प्रणालीत सगळीच काउंटरं अडतात. कोहा आणि एव्हरग्रीन दोन्हींत ऑफलाइन देवघेवीची सोय आहे, पण त्या वेळात राखीव मागण्या पकडल्या जात नाहीत. वेगवेगळ्या प्रणालींत एकाचं बंद पडलं तरी बाकीच्यांचं काम चालू राहतं.

नोंदींच्या दुरुस्तीवर एकमत होत नसेल तर संघ तालिकेवरच थांबा. सोबत यायचं म्हणजे तालिका एक करायलाच हवी असं काही नाही.

एकत्र जाणार असाल तर बाहेर पडायची वाट आधी बघून घ्या. ग्रंथनोंदी मार्क या ग्रंथालयांच्या प्रमाण स्वरूपात सहज निघतात. सभासद, चालू देवघेव, दंडाची बाकी यांना मात्र सर्वमान्य साचा नाही. करारावर सही करण्याआधी एका शाखेचा हा सगळा डेटा प्रत्यक्ष काढून मागा आणि ती फाइल स्वतः उघडून बघा.