पितळ उघडं पडलं, पण पैसे गेल्यावर

मी मूळचा चिपळूणचा. लहानपणी बाबांबरोबर वाशिष्ठीच्या काठावर गळ टाकून मासे गरवायला बसायचो. नोकरीनिमित्त स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला आलो, इथल्या डी नदीत कमरेपर्यंत उभे राहून सॅल्मन मासे गरवणारे लोक पाहिले आणि जुनी खाज परत उठली. दोन-तीन वर्षांत पंधरा फुटी कार्बनचा दोन हातांनी फेकायचा रॉड आला, हलकं आधुनिक रील, म्हणजे रॉडवरचं दोर गुंडाळायचं चाक, आलं. त्यात काहीही कमी नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

सॅल्मन समुद्रातून नदीत शिरला की खाणं सोडून देतो. भूक नसते, तरी समोरून गळावर पिसं बांधून केलेली नकली माशी गेली की झडप घालतो. माझंही तेच झालं.

इथे रविवारी सॅल्मन धरायला कायद्यानं बंदी आहे. त्यामुळे रविवारी मी मैदानांवर भरणाऱ्या जुन्या सामानाच्या बाजारांत हिंडायचो. लोक गाडीची डिकी उघडून घरातलं किडूकमिडूक विकत असतात. तिथेच ते गृहस्थ भेटले. सत्तरीचे, ट्वीडचं जाकीट, बोलणं मवाळ. आजोबा डी नदीवर गिली होते, म्हणजे मोठ्या लोकांना मासेमारीला घेऊन जाणारे वाटाडे. एका साहेबानं आजोबांना बक्षीस दिलेलं रील घरी आहे, पण ते असं बाजारात मांडायची वस्तू नाही, असं म्हणाले. मी नंबर घेतला. म्हणजे मागे मीच लागलो, त्यांनी काही गळ्यात मारलं नाही. निदान मला तसं वाटलं.

रील होतं हार्डीचं 'परफेक्ट'. इंग्लंडच्या उत्तर टोकाला ॲनिक नावाचं गाव आहे, तिथे हार्डी बंधूंनी १८७२ साली धंदा सुरू केला. १८९१ पासून त्यांचं हे रील बाजारात आलं. चाक बॉल बेअरिंगवर फिरतं, आणि मासा दोर ओढायला लागला की आतला चेक, म्हणजे दातेरी चाक आणि खिट्टी, कर्रर्र आवाज करत त्याला अडवतो. सुरुवातीची रीलं अख्खी पितळेची, मग फक्त तोंडाकडची तबकडी पितळेची, पुढे सगळंच मिश्रधातूचं. चेकची रचनाही कंपनीनं वेळोवेळी बदलली. म्हणून रील उघडलं की वय कळतं. हे सगळं मी वाचलेलं होतं. उघडलं मात्र नाही.

एका चहाच्या दुकानाबाहेर, त्यांच्या गाडीत बसून व्यवहार झाला. मी म्हणालो, "आतून बघू का?" ते म्हणाले, "बघा की, पण स्क्रू शंभर वर्षांचे आहेत. खाच सरकली तर किंमत गेली." मी पेचकस खिशात ठेवला. ७८० पाउंड त्यांनी सांगितलेल्या खात्यात तिथल्या तिथे फोनवरून पाठवले. वर सॅल्मनसाठीच्या तसल्या जुन्या नकली माश्यांची एक डबी १२० ला घेतली. गळाच्या डोक्यावर, दोर बांधायला, धातूच्या कडीऐवजी रेशीमकिड्यापासून काढलेल्या तातीचा, म्हणजे चिवट दोऱ्याचा, फास असतो, तसल्या. पावती मिळाली, हातानं लिहिलेली: 'एक जुनं रील, आहे तसं.' ना साल, ना 'परफेक्ट', ना आजोबा. आता आठवतं, साल-बिल जे काही बोलणं झालं ते सगळं तोंडी. मी मेसेज पाठवला की ते उलट फोन करायचे.

रात्री व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. कौतुक होईल म्हणून. तिनं चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "हे पितळ काळं कोणी केलं?"

म्हटलं, "अगं, सव्वाशे वर्षांचं आहे."

"असेल. पण आपली समई बघ. हात लागतो तिथे पिवळी असते, नक्षीच्या खाचेत काळी. हे सगळीकडे सारखंच काळं आहे. बोट फिरतं तिथेही तितकंच आणि त्या स्क्रूच्या खाचेतही तितकंच. चिंच लाव जरा."

पितळेच्या भांड्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला हे दिसू नये! मूठ जिथे फिरते तिथे तबकडीवर बोटांच्या घासानं उजळ कड पडायला हवी होती. नव्हती. खालच्या पायाला, म्हणजे रील रॉडवर बसवतात त्या पट्टीला, चिंचेचा कोळ लावला. दहा मिनिटांत लख्ख पिवळं नवं पितळ वर आलं आणि कडेला कानशीचे ताजे ओरखडे. (खऱ्या जुन्या रीलला चिंच लावू नका. संग्राहकांना तो काळेपणाच हवा असतो, घासलं की किंमत पडते.)

पुढच्या आठवड्यात रीलं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्यानं दोन मिनिटांत उघडलं. स्क्रूची खाच वगैरे काही सरकली नाही. आतला चेक पहिल्या महायुद्धानंतरच्या नमुन्याचा. पाय नवा कापलेला. तबकडी तेवढी खरंच जुनी, कुठल्यातरी फुटक्या रीलची. एकाचं धड, दुसऱ्याचं डोकं, तिसऱ्याचे पाय. मी विचारलं, मधे कधी दुरुस्तीला जाऊन चेक बदलला असेल का? तो म्हणाला, चेक बदलेल, पण पायही बदलला, रंगही चढवला, एवढी दुरुस्ती कोणी करत नाही. सुट्या भागांचे म्हणून त्यानं शंभर पाउंड सांगितले.

माश्यांचं दुःख मला जास्त आहे. जुन्या सॅल्मन माश्यांच्या गालावर एक पीस असतं, मेणाचा थेंब गोठल्यासारखा चकचकीत पांढरा-पिवळा ठिपका असलेलं. ते आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं. सह्याद्रीतल्या कोंबड्याची पिसं व्हिक्टोरियन काळात इथवर यायची, म्हणून तर डबी हातात घेतल्यावर मी विरघळलो. खऱ्या पिसात तो ठिपका म्हणजे पिसाची दांडीच चपटी, कडक झालेली असते. माझ्या माश्यांवरचा ठिपका नखानं खरवडला तर रंग निघाला. फासाला तापलेली सुई लावली. रेशीमकिड्याची तात असती तर केस जळल्याचा वास आला असता. ती वितळून तिचा गोळा झाला. नायलॉन.

फोन लावला. पहिल्या दिवशी त्यांनी उचलला आणि "मी तर आहे तसं म्हणून विकलं" एवढंच म्हणाले. नंतर नंबर बंद. बँकेनं विचारलं, पैसे तुम्हीच पाठवलेत ना, वस्तू हातात घेऊन? ओळखीच्या दुकानातून क्रेडिट कार्डावर घेतलं असतं, तर १०० पाउंडांवरच्या खरेदीला १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याचं कलम ७५ लागू होतं आणि कार्ड कंपनीकडे दाद मागता आली असती. स्कॉटलंडमध्ये ५,००० पाउंडांपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो, पण ज्याच्यावर लावायचा त्याचा पत्ता लागतो. माझ्याकडे गाडीचा रंग आहे. पोलिसांच्या १०१ या फोन नंबरवर नोंद केली, नोंदीचा क्रमांक मिळाला.

इथल्या दोन-तीन मराठी मित्रांना हे सांगितलं तेव्हा एक जण गप्प झाला. त्यानंही त्याच बाजारातून, वर्णनावरून त्याच माणसाकडून, बांबूच्या सहा चिपा जोडून केलेला जुना रॉड घेतला होता. आजोबा त्याला मात्र स्पे नदीवरचे गिली म्हणून सांगितले होते.

रील माझ्याकडेच आहे. पायाचा अर्धा भाग चिंचेनं उजळलेला, अर्धा रंगवलेला काळा, मुद्दाम तसाच ठेवलाय. ॲबर्डीनच्या आसपास कोणी जुनं पितळी रील घ्यायच्या विचारात असेल तर आधी घरी येऊन हे हातात धरून बघा. पेचकस माझ्याकडे आहे, चहाही होईल.