लाईन ओढण्याची हत्यारे : दहा महिन्यांच्या वापरानंतर

लोंढा ते मिरज या मार्गावर रुळांच्या देखभालीची मजूर-कामे घेणाऱ्या एका लहान ठेकेदाराकडे मी देखरेखीचे काम करतो. गेल्या जूनमध्ये, मृगाचा पाऊस लागण्याच्या बेतात असताना, आम्ही लाईन ओढण्याच्या कामासाठी हत्यारांचा नवा संच घेतला. त्यात आठ घडीव पोलादी पहारी, चार हलक्या पोकळ पहारी, तीन हायड्रॉलिक जॅक, एक गेज-कम-लेव्हल (दोन रुळांमधले अंतर आणि त्यांच्या उंचीतला फरक मोजणारी पट्टी) आणि वळणाची गोलाई दाखवणारा आकडा, म्हणजे व्हर्साइन, मोजण्याची दोरी-पट्टी एवढा ऐवज होता. पावसाळाभर ही हत्यारे खानापूर–गुंजी–लोंढा या जांभ्या मातीच्या आणि जंगलाच्या पट्ट्यात वापरली, तर दिवाळीनंतर मार्चअखेरपर्यंत घटप्रभा–रायबागकडच्या काळ्या रानात. जमीन आणि हवा दोन्ही इतक्या वेगळ्या असलेल्या दोन पट्ट्यांत वापर झाल्यामुळे आता त्यांच्याविषयी काही खात्रीने लिहिता येईल असे वाटते.

लाईन ओढणे म्हणजे रूळ आणि त्यांच्याखालचे आडवे स्लीपर यांचा अख्खा सांगाडा खडीतल्या खडीत आडवा सरकवून पुन्हा रेषेत आणणे. ६० किलोच्या (म्हणजे मीटरला ६० किलो भरणाऱ्या) रुळाची १३ मीटरची एक लांबी घेतली, तर दोन्ही रुळांचे वजन दीड टनापेक्षा थोडे अधिक भरते. तेवढ्या लांबीत २१-२२ काँक्रीट स्लीपर येतात आणि एकेक स्लीपर सुमारे २८५ किलोंचा असतो. म्हणजे साडेसात टनांहून जास्त वजन, शिवाय स्लीपरच्या टोकांना आणि मधल्या खणांत दाबून बसलेली खडी. हे धूड दहा-पंधरा मिलिमीटर सरकवायचे आणि तेही नेमके तेवढेच, एवढे लक्षात घेतले की पुढच्या तक्रारींचे कारण कळेल.

पहारींपासून सुरुवात करतो. घडीव पहार पावणेसहा फूट लांब आहे आणि आमच्या काट्यावर तिचे वजन ११ किलोंच्या आसपास भरले. टोक खडीत रोवले की रुळाच्या पायाशी ती टोकापासून साधारण वीतभर अंतरावर टेकते आणि माणसाचे हात वर पाच-सव्वापाच फुटांवर असतात. त्यामुळे माणसाने ४० किलोंचा जोर लावला तर रुळाला सुमारे ३०० किलोंचा रेटा मिळतो. आठ माणसे एका दमात रेटली तर अडीच टनांच्या आसपास जोर होतो आणि खडी आधी मोकळी केलेली असेल तर तेवढ्यात काम भागते. मात्र दम एकच हवा. एकाची पहार आधी आणि दुसऱ्याची मागून लागली, तर आठ माणसांचा जोर चार माणसांएवढाच उरतो, आणि हा दोष हत्याराच्या माथी मारता येत नाही.

पहार किती तिरपी धरावी याचा नियम रेल्वेच्या मार्ग-नियमावलीत आहे : उभ्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा अधिक झुकवू नये. आमच्या टोळीचे मुकादम तेच आपल्या भाषेत सांगतात, "पहार उभी धरा रे, निजवली की लाईन उठते." आमच्याकडे रायबागकडची कन्नडभाषक माणसेही आहेत आणि ती पहारीला 'हारे' म्हणतात; त्यामुळे मुकादमांची हीच सूचना दिवसातून वीसदा दोन भाषांत ऐकू येते. ती अनुभवाने पटते. पहार निजली की जोराचा काही भाग वर जातो, स्लीपर किंचित उचलला जातो, त्याच क्षणी दोन-चार खडे त्याच्या पोटाखाली घुसतात, आणि रेषा सुधारताना लेव्हल बिघडते. पोकळ हलक्या पहारींबद्दलची माझी मुख्य तक्रार येथेच आहे. वजनाने त्या घडीव पहारीच्या जवळपास निम्म्या आहेत आणि ट्रॉलीविना तीन-चार किलोमीटर चालत जायचे असेल तेव्हा सगळेजण त्याच उचलायला धावतात. परंतु भर जोर लागला की नळी धनुष्यासारखी लवते, लवली की माणूस नकळत खाली वाकतो, आणि पहार निजते. शिवाय घडीव पहारीतून रूळ सुटल्याची जी जाणीव तळहाताला होते, ती या नळीतून होत नाही. ऑगस्टनंतर आम्ही त्या ओढण्याच्या कामातून काढल्या. आता त्या खडी सैल करायला आणि स्लीपरचा क्लिप अडकला तर ढोसायला उपयोगी पडतात. त्या कामासाठी त्या उत्तम आहेत, पण त्यासाठी एवढी किंमत मोजायची गरज नव्हती.

घडीव पहारीही निर्दोष नव्हत्या. आठपैकी तिघींची टोके दीड महिन्यात बोथट होऊन छत्रीसारखी पसरली, कारण टोकाला पाणीच नीट दिलेले नव्हते. खानापुरातल्या एका लोहाराकडून ती पुन्हा घडवून घेतली. पहिल्या खेपेला पाणी जास्त झाले आणि एका पहारीच्या टोकाचा टवका उडून थेट माणसाच्या बुटावर बसला. दुसऱ्या खेपेला त्याने लाल टोक थोडे निवू दिले आणि मग बुडवले. तेव्हापासून त्या तिन्ही पहारी कारखान्यातून धड आलेल्या पाचांपेक्षाही चांगल्या चालतात. नवी पहार घेणाऱ्याने दुकानातच टोकावर कानस फिरवून पाहावी : कानस सहज चावली तर टोक मऊ आहे, अजिबात न चावता घसरली तर ते फुटायला आलेले आहे.

जॅकविषयी माझे मत दहा महिन्यांत दोनदा बदलले. एका जॅकच्या किमतीत पंधरा-सोळा पहारी आल्या असत्या, त्यामुळे पहिल्या दिवसापासून टोळीतली माणसे त्यांच्याकडे संशयानेच पाहत होती. हा जॅक खडीत तळ टेकवून रुळाच्या पायाला आधी उचलतो आणि मग आडवा ढकलतो, म्हणजे पहारीने जे होऊ नये म्हणून धडपडायचे ते हा मुद्दामच करतो. याचा फायदा काटे-सांध्यांपाशी (गाडी एका लाईनवरून दुसरीवर जाते तेथे) आणि २५ मिलिमीटरच्या वर ओढायचे असते तेथे दिसला. तेथे बारा माणसांचे काम पाच जणांत झाले, हे मान्य केलेच पाहिजे. पण १० मिलिमीटरच्या आतल्या कामात तो निरुपयोगी ठरला. एक दांडा मारला तरी रूळ चार-पाच मिलिमीटर जातो, दोन मारले तर पलीकडे, आणि उचलल्यामुळे खडे घुसल्याने स्लीपरखालचे पॅकिंग (खडी ठोकून लेव्हल बसवणे) पुन्हा वेगळे करावे लागते. पावसाळ्यात गुंजीकडच्या मऊ झालेल्या कडेवर जॅकचा तळ खडीत रुतून मागे सरकत असे आणि रूळ जागेवरच राहत असे. सागवानी फळीचा तुकडा तळाखाली घातल्यावर ते थांबले. ही फळी जॅकबरोबरच यायला हवी होती.

ऑक्टोबरमध्ये एका जॅकचे तेल सीलमधून झिरपू लागले. विक्रेत्याने महिन्याभराची वाट पाहायला लावली तेव्हा आम्ही तो बेळगावच्या उद्यमबागेत नेला. पंप आणि सिलिंडर बनवणारी माणसे ज्या गावात गल्लीगल्लीत आहेत, तेथे एका सीलसाठी परगावच्या पार्सलची वाट का पाहायची, हे मला आधीच सुचायला हवे होते. दुपारी दिलेला जॅक संध्याकाळी परत मिळाला आणि नंतर गळला नाही.

आता या संचातली सर्वांत स्वस्त वस्तू : नायलॉनची दोरी, दोन आकडे आणि मिलिमीटरची पट्टी. वळणाच्या बाहेरच्या रुळावर दर १० मीटरला खूण करून २० मीटरची दोरी ताणायची आणि मध्यावर दोरीपासून रुळापर्यंतचे अंतर मोजायचे, म्हणजे व्हर्साइन मिळतो. ५०,००० ला त्रिज्येच्या मीटरांनी भागले की मिलिमीटरमधला अपेक्षित आकडा हाती येतो. एका अंशाच्या वळणाची त्रिज्या १,७५० मीटर धरतात, त्यामुळे दोन अंशांच्या वळणावर सुमारे ५७ यायला हवेत. आमच्या मुकादमांची युक्ती याहून सुटसुटीत आहे : ते दोरीला ११.८ मीटरवर गाठ मारून ठेवतात, कारण तेवढ्या दोरीवर जितके सेंटिमीटर अंतर येईल तितक्या अंशांचे वळण असते.

जुलैमध्ये गुंजीजवळच्या अशाच एका दोन अंशांच्या वळणावर लागोपाठ चार खुणांवर ५४, ७१, ४७ आणि ५८ असे आकडे आले. डोळ्याला फक्त ७१च्या जागी पोट सुटलेले दिसत होते आणि नवखी माणसे ४७च्या जागीही लाईन बाहेर ओढायला निघाली होती. परंतु एका खुणेवर रूळ जितका आत सरकतो तितकाच तेथला व्हर्साइन कमी होतो आणि दोन्ही शेजाऱ्यांचा त्याच्या निम्म्याने वाढतो. मुकादमांनी ७१च्या खुणेवर १४ मिलिमीटर आत ओढायला सांगितले आणि बाकी कशालाही हात लावू दिला नाही. आठ पहारी बाहेरच्या बाजूला लागल्या. पावसाच्या आवाजात हाक ऐकू जाईना, म्हणून ते रुळाच्या माथ्याशी डोळा नेऊन गुडघ्यांवर बसले आणि नुसत्या हाताने खुणा करू लागले : तळवा आत म्हणजे ओढा, मूठ म्हणजे थांबा. तिसऱ्या रेट्याला मूठ वर गेली, तेव्हा रूळ १६ मिलिमीटर आत होता. मी पट्टी दाखवून "अण्णा, दोन जास्त झाले" म्हणालो तर ते हसले, आणि पहारी काढताच रूळ आपोआप दोन मिलिमीटर मागे आला. पुन्हा दोरी लावली तेव्हा ६१, ५७, ५४, ५८ असे आकडे होते.

या दोरीत एकच दोष आहे आणि तो वाऱ्याचा आहे. जंगलाबाहेर मोकळ्या भरावावर पावसाळी वारा सुटला की पातळ नायलॉन फुगतो आणि तीन-चार मिलिमीटरचा खोटा आकडा दाखवतो. आम्ही शेवटी मासेमारीची जाड तंगूस दोरी लावली, ती कमी फुगते. सुती सुतळी मात्र कोणी वापरू नये, भिजली की ती आवळते आणि वाळली की ढिली पडते.

गेज-कम-लेव्हलबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्या आठवणीने अजूनही अंग चोरावेसे वाटते. ट्रॅक-सर्किट असलेल्या भागात दोन रुळांना जोडणारी धातूची कोणतीही वस्तू सर्किट पूर्ण करते आणि गाडी उभी आहे असे समजून सिग्नल लाल होतो. म्हणून गेजच्या एका टोकाला विजेचा प्रवाह अडवणारा तुकडा बसवलेला असतो. आमच्या गेजवरचा तो तुकडा सहाव्या महिन्यात झिजून पत्र्याला पत्रा लागला होता आणि मी तो तपासला नव्हता. एका स्टेशनाजवळ आम्ही गेज ठेवताच सिग्नल लाल झाला आणि पुढच्या दहा मिनिटांत फोनवर मला जे ऐकावे लागले, त्यातला एक शब्दही अन्यायाचा नव्हता. आता कामाला निघण्यापूर्वी रोज मीटर लावून तो तुकडा तपासतो. हा गेज मी पुन्हा घेणार नाही.

रायबागकडे गेल्यावर हत्यारांपेक्षा जमीनच जास्त बोलली. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे खडीखालचा भरावच हलतो आणि जानेवारीत ओढलेली रेषा फेब्रुवारीत पुन्हा पोट काढते. तेथे पहारी लावण्याआधी पंजाने आणि फावड्याने खणांमधली व टोकांची खडी मोकळी करण्यातच निम्म्याहून अधिक वेळ जात असे. खडी मोकळी न करता नुसती पहार रेटली की रूळ येतो, पण रात्रीच्या दोन मालगाड्यांनंतर मूळ जागी परततो. तसेच ओढून झाल्यावर स्लीपरच्या मागे पडलेली पोकळी लगेच खडीने भरून ठोकली नाही, तर पहारीवरचा सगळा घाम वाया. या कामासाठी संचात एकही साधन नव्हते. आम्ही आमच्या जुन्याच ठोकण्या आणि बुट्ट्या वापरल्या.

मार्चपासून पहाटेचे काम सुरू झाले. लांब जोडलेल्या रुळात ऊन चढले की दाब वाढतो, आणि अशा वेळी खडी सैल करून रूळ आडवा ढकलणे म्हणजे त्याला वाकण्याची वाट करून देणे होय; म्हणून रुळातला ताण काढताना ठरवलेल्या तापमानापेक्षा पारा १० अंशांहून वर गेला की नियमाने काम बंद होते. रुळाला चिकटवायचा चुंबकी तापमापक आम्हाला वेगळा विकत घ्यावा लागला. गेल्या आठवड्यात चिक्कोडी रोडच्या अलीकडे साडेदहालाच काट्याने मर्यादा ओलांडली, तेव्हा अर्धी ओढलेली खूण तशीच ठेवून आम्ही खडी भरली, पहारी खांद्यावर घेतल्या आणि मुकादमांनी दोरीची गाठ सोडून ती गुंडाळत ट्रॉलीत टाकली.