टायरवरची पांढरी अक्षरं आणि पोस्काचा ०.७ मिमी मार्कर

१/२४ मापाच्या (खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढ्या) मॉडेल गाडीची बॉडी आरशासारखी चमकते, आणि घोडं अडतं ते टायरवरच्या 'गुडइयर' या कंपनीच्या नावापाशी. खऱ्या टायरवरचं इंचभर उंचीचं अक्षर या मापात जेमतेम १ मिमी भरतं, त्याची रेघ पाव मिलिमीटरच्या आसपास. पोस्काच्या पीसी-१एमआर मार्करचं टोक ०.७ मिमी आहे. पेनानं गिरवतात तसं गिरवलं तर अक्षरं बुजणार, हे आकड्यांवरूनच कळतं. तरीही या कामाला हाच मार्कर घ्यावा, कारण अक्षर लिहायचं नसतंच. ते आधीच उठून आलेलं असतं, त्याच्या माथ्याला फक्त रंग लागायला हवा.

खऱ्या टायरमध्येही तसंच असतं. पांढऱ्या रबराचा थर बाजूच्या भिंतीत आत असतो, त्यावर काळ्या रबराची पातळ साल. अक्षराच्या माथ्यावरची साल कारखान्यात घासून काढली की आतलं पांढरं दिसतं. माथा पांढरा, कडा काळ्या. मॉडेलवर कडेनं रंग ओघळला की अक्षर सुजल्यासारखं दिसतं ते यामुळे.

आधी टायर भांड्यांच्या साबणानं जुन्या टूथब्रशनं घासून धुवावा. साच्यातून येणारा तेलकटपणा राहिला तर रंग थेंब धरून बसतो. मग इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन फक्त अक्षरांवरून फिरवावं. टायर रिमवर चढवलेला नसेल तर आतून घट्ट बसेल अशा बाटलीच्या झाकणावर चढवावा. हात टेबलाला टेकलेला ठेवून झाकण किंवा रिम फिरवायची, मार्कर नाही.

मार्कर खूप हलवून, टोक रद्दी कागदावर दाबून रंग उतरवावा. थेट टायरवर दाबू नये, एकदम थेंब सुटतो. मग त्याच कागदावर दोन-तीन रेघा ओढून टोक जरा कोरडं करावं. आता मार्कर तिरका धरून टोक अक्षरांच्या माथ्यावरून हलकेच सरकवावं, एका वेळी दोन-तीन अक्षरं. पहिला हात करडा, पुसट दिसतो. तो तसाच सोडावा. १० मिनिटांनी दुसरा, लागलाच तर तिसरा. एकाच हातात पांढरंशुभ्र करायची घाई केली की पहिल्यांदा 'ओ' आणि 'डी'ची पोटं भरतात. रंग ओला असताना पाण्यात बुडवून टिपलेल्या टूथपिकच्या टोकानं ती साफ होतात. वाळल्यावर अल्कोहोल लागतं, आणि ते शेजारचं अक्षरही घेऊन जातं.

एनॅमल किंवा हार्डवेअरच्या दुकानातला ऑइलपेंट इथे वापरू नये. किटमधले टायर बहुधा मऊ व्हिनाइलचे असतात. त्यातलं प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारं रसायन) हळूहळू बाहेर येतं आणि एनॅमल महिनोन्महिने चिकट राहतो, धूळ धरतो. (याच प्लॅस्टिसायझरमुळे जुन्या किटमध्ये टायर लागून राहिलेली प्लॅस्टिकची चाकं वितळलेली सापडतात.) पोस्काची शाई पाण्यातली असल्यानं ती कटकट नाही. पण टायर रिमवर ताणून बसवताना तिला तडा जाऊ शकतो, म्हणून जिथे जमेल तिथे टायर आधी रिमवर चढवून मगच रंगवावा.

रंगाच्या बाबतीत एकच सुचवणं: रस्त्यावर फिरलेली गाडी दाखवायची असेल तर पांढऱ्याऐवजी आयव्हरी घ्या. शुद्ध पांढरा इतक्या लहान मापात डोळ्यात खुपतो.

सांगलीत गणपती पेठेत किंवा कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात घेताना नुसतं 'बारीक पोस्का' न म्हणता टोकाचा नंबर (१एमआर) बघून घ्यावा. ३एम ०.९ ते १.३ मिमी आहे, ५एम त्याहून जाड, दोन्ही या कामाचे नाहीत. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत दोन हातांमधलं अंतर अर्ध्या तासावर न्यावं. आणि मार्कर आडवा ठेवावा, टोक वर करून पेनस्टँडमध्ये उभा ठेवला की रंगद्रव्य तळाला बसतं आणि पुढच्या वेळी अक्षरांवर नुसतं दुधाळ पाणी येतं.