मोमेटासोनचा नाकाचा स्प्रे: हॉर्स चेस्टनटच्या बहरात किती कामाचा?

म्युनिकच्या बिअरगार्टनमध्ये (उघड्यावर बसून बिअर प्यायच्या बागेत) टेबलांवर सावली धरणारं झाड म्हणजे हॉर्स चेस्टनट. एप्रिलअखेरीस ते पांढऱ्या तुऱ्यांनी भरून जातं आणि परागांची ॲलर्जी असलेल्याला नेमकं तिथे बसल्यावरच शिंकांवर शिंका येतात. हे पराग चिकट असतात. मुख्यतः मधमाश्याच ते नेतात (त्यांच्या पायांवरचे विटकरी गोळे जवळून बघा, यांचेच असतात). म्हणून त्रास झाडाखाली जास्त. घरी, झाडापासून लांब असतानाही नाक गळत असेल तर आधी बर्च या झाडाचा संशय घ्यावा. त्याचे पराग वाऱ्यावर दूरवर जातात आणि दिवस जवळपास तेच. त्वचेच्या चाचणीच्या नेहमीच्या यादीत हॉर्स चेस्टनट बहुधा नसतं, डॉक्टरांना वेगळं सांगावं लागतं.

आता स्प्रे. मोमेटासोन म्हणजे नाकातली ॲलर्जीची सूज उतरवणारं स्टिरॉइड. एका फवाऱ्यात 50 मायक्रोग्रॅम औषध. मोठ्यांनी दिवसातून एकदा, प्रत्येक नाकपुडीत दोन; आराम पडला की एकेक पुरतो. 140 फवाऱ्यांची बाटली पूर्ण मात्रेत 35 दिवस चालते. बहराच्या दोन आठवडे आधी सुरू केलं तर एका बाटलीत हंगाम निघतो, आणि सुरू करायची खरी वेळ तीच. शिंका सुरू झाल्यावर दोन फवारे मारून लगेच सुटका होईल या आशेने घेणाऱ्यांची निराशा होते, कारण पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात.

बिघडतं ते बहुतेक वापरण्याच्या पद्धतीत. नवी बाटली हलवून, एकसारखा बारीक फवारा येईपर्यंत दहा वेळा हवेत दाबावी. 14 दिवस पडून राहिली असेल तर दोनदा. नाक शिंकरून डोकं किंचित पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डावीसाठी उजवा, म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला वळतं. मधल्या पडद्यावर फवारा बसत राहिला की तो कोरडा पडतो आणि रक्त येतं. 'हा स्प्रे सोसत नाही' म्हणणाऱ्या अनेकांचं दुखणं इतकंच असतं. श्वास हळू ओढा. जोरात ओढला तर औषध घशात उतरतं. टोक तुंबलं तर टाचणी घालू नका, कोमट पाण्याने धुवा.

नाकासाठी हा स्प्रे उत्तम, अगदी मनापासून शिफारस. डोळ्यांची खाज मात्र बऱ्याचदा पुरती जात नाही, त्याला वेगळे थेंब लागतात. नाक लगेच मोकळं करणाऱ्या झायलोमेटाझोलिनच्या थेंबांशी याची गल्लत नको: ते आठवड्याच्या वर घेतले तर नाक उलट जास्तच चोंदतं. जर्मनीत हा स्प्रे फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळतो, पण 18 वर्षांवरच्यांना, आणि ॲलर्जीचं निदान आधी डॉक्टरांनी केलेलं असावं. छातीत घरघर किंवा धाप लागत असेल तर नाकाच्या स्प्रेवर विसंबून राहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.